झाड लावण्याचा हक्क कोणाचा?

शेतात झाडे वाढावीत म्हणून जगभर आखल्या जाणाऱ्या कार्यक्रमांबद्दल मी बरीच वर्षे आस्थेने वाचत आले आहे, आणि त्या वाचनात एक उणीव मला सतत खटकते. किती रोपे वाटली, कोणत्या जातींची वाटली, त्यांतली किती जगली, हेक्टरी किती कर्ब साठेल, याचे हिशेब मांडलेले असतात. परंतु ज्याच्या हाती रोप दिले त्याला त्या जमिनीत झाड लावण्याची मुभा होती का, आणि झाड मोठे झाल्यावर त्याचे फळ, फांदी आणि खोड त्याच्याच वाट्याला येणार होते का, हा प्रश्न बहुधा विचारलेलाच नसतो. कृषिवानिकी, म्हणजे शेतात पिकांबरोबर झाडे वाढवणे, रोपवाटिकेत अडत नाही, ती जमिनीच्या वहिवाटीत अडते, असे माझे मत आता पक्के झाले आहे. ज्या गावांत जमिनीचे हक्क कागदावर नसून नात्यांत, परंपरेत आणि शेजाऱ्यांच्या स्मरणात असतात, तिथे हे अधिकच खरे आहे.

मक्याचे पीक चार महिन्यांत हाती येते. जमीन पुढच्या वर्षी हातची गेली, तरी त्या वर्षाचे धान्य घरात आलेले असते. झाडाचा हिशेब निराळा आहे. सुमात्रा बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील क्रुई भागातले शेतकरी दामार नावाच्या राळ देणाऱ्या वृक्षाची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून करीत आले आहेत. जंगल साफ करून आधी भात घ्यायचा, त्यात कॉफी किंवा मिरी लावायची, आणि त्यांच्या सोबतीने दामारची रोपे वाढू द्यायची, अशी त्यांची रीत. कॉफी-मिरीचे उत्पन्न संपत येते तोवर दामारची झाडे वर आलेली असतात. पण त्यांना खाचा पाडून राळ काढायला सुरुवात होते ती लागवडीनंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी. म्हणजे लावणाऱ्याच्या उमेदीचा काळ सरल्यावर. पंचवीस वर्षांनी ही जमीन आपल्या किंवा आपल्या मुलांच्या ताब्यात असेल, याची खात्री असल्याशिवाय असे झाड कोणीही लावणार नाही, आणि क्रुईच्या लोकांनी हजारो हेक्टरांवर ते लावले, याचा अर्थ त्यांच्या परंपरागत हक्कव्यवस्थेवर त्यांचा तेवढा विश्वास होता.

सरकारी नकाशावर मात्र या बागा नैसर्गिक जंगल म्हणून रंगवल्या गेल्या. वरून पाहणाऱ्याला त्या जंगलासारख्याच दिसतात, कारण दामारच्या जोडीला दुरियान, लांगसात आणि इतर कितीतरी झाडे तिथे दाटीने वाढलेली असतात. पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या बागेत लावणारेच अतिक्रमक ठरण्याची वेळ आली, तेव्हा गावकरी, संशोधक आणि संस्था यांनी मिळून लढा दिला, आणि जानेवारी १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या वनमंत्र्यांनी सुमारे २९,००० हेक्टर क्षेत्राला खास दर्जा देऊन तिथल्या लोकांचा व्यवस्थापनाचा हक्क मान्य केला. मालकी मात्र दिली नाही. पुढे २०१३ साली त्या देशाच्या घटना न्यायालयाने परंपरागत समाजांची जंगले ही सरकारी जंगले नव्हेत, असा निर्णय दिला; पण निर्णय आणि जमिनीवरची प्रत्यक्ष नोंद यांत फार मोठे अंतर असते.

हा विषय काही मोजक्या भागांपुरता नाही. जगातल्या शेतजमिनीपैकी सुमारे ४३ टक्के जमिनीवर २०१० साली किमान दहा टक्के वृक्षाच्छादन होते, असा उपग्रहचित्रांवर आधारलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा जमिनीवर राहणाऱ्यांची संख्या नव्वद कोटींच्या वर जाते. दुसरीकडे, जगातल्या निम्म्याहून अधिक जमिनीवर स्थानिक समाज आपला परंपरागत हक्क सांगतात. पण कायद्याने त्यांची मालकी मान्य केलेली जमीन जेमतेम दहा टक्के भरते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, की बांधावरच्या आणि शेतातल्या किती झाडांखालची जमीन अनिश्चित हक्काची असेल, याची कल्पना येते.

जमीन आणि झाड यांचा हक्क एकच असतो, हे गृहीत शहरी वाचकाच्या मनात खोल रुजलेले असते. अनेक परंपरागत समाजांत तसे नसते. जमीन एका कुळाची, तिच्यावरचे झाड लावणाऱ्याच्या वंशजांचे, त्याखाली पडलेले फळ गावातल्या कोणाचेही आणि वाळलेली फांदी सरपण वेचणाऱ्या बाईची, अशी वाटणी सहज आढळते. लुईझ फोर्टमन या अभ्यासिकेने १९८० च्या दशकात वृक्षहक्कांची जी मांडणी केली, ती आजही मला सर्वांत उपयोगी वाटते. झाडाची मालकी आणि वारसा, झाड लावण्याचा हक्क, झाड वापरण्याचा हक्क, आणि झाड तोडण्याचा, विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क, असे चार वेगळे धागे तिने दाखवले. चारही एकाच माणसाच्या हाती असतील, असे नाही, आणि कायदा नेमका कोणता धागा तोडतो, यावर झाडाचे भवितव्य ठरते.

यांतला शेवटचा, म्हणजे झाडाच्या विल्हेवाटीचा धागा तोडला की काय होते, ते घानाच्या कोको-पट्ट्यात दिसते. तिथल्या १९६२ च्या कायद्यानुसार नैसर्गिकरीत्या उगवलेली इमारती लाकडाची झाडे, मग ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या मळ्यात का असेनात, जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांच्या स्वाधीन आहेत. कोकोला सावली लागते, आणि आपोआप उगवलेली उंच झाडे ती फुकट देतात. तरीही पुष्कळ शेतकरी अशी रोपे लहान असतानाच उपटतात किंवा खोडाची साल गोलाकार काढून झाड वाळवतात. त्यांचा विचार समजून घ्यायला हवा. झाड मोठे झाले की परवानाधारक ठेकेदार येतो, ते पाडताना खालची कितीतरी कोकोची झाडे मोडतात, लाकडाचे पैसे शेतकऱ्याला मिळत नाहीत आणि नुकसानभरपाई मिळाली तरी अपुरी असते. झाड राखणे म्हणजे स्वतःच्या मळ्यात पुढच्या नुकसानीची सोय करून ठेवणे. या माणसाला सावलीचे महत्त्व पटवून देण्यासाठी प्रशिक्षणवर्ग भरवणे मला अन्यायाचे वाटते. त्याला ते महत्त्व आपल्याहून अधिक कळते. २००२ च्या दुरुस्तीने स्वतः लावलेल्या झाडांवरचा हक्क लावणाऱ्याला मिळाला, पण मग झाड आपोआप उगवले नसून लावलेलेच आहे, हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर येऊन पडले.

नायजरची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली, आणि म्हणून ती मला फार मोलाची वाटते. फ्रेंच राजवटीपासून चालत आलेल्या नियमांनुसार तिथेही झाडे सरकारची मानली जात. फांदी तोडायलाही परवानगी लागे आणि वनरक्षक दंड करीत. परिणामी शेतकरी नांगरटीच्या वेळी उगवते फुटवे काढून टाकत, कारण झाड म्हणजे पिकाला अडथळा आणि वर दंडाची भीती. १९८० च्या दशकात मराडी भागात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आले की, ओसाड दिसणाऱ्या शेतांत तोडलेल्या झाडांची जिवंत मुळे आणि खोडके जमिनीखाली टिकून आहेत. नवी रोपे लावण्याऐवजी त्यांच्या फुटव्यांतले निवडक राखून बाकीचे छाटले, तर झाड काही वर्षांतच उभे राहते. तंत्र अगदी साधे आणि जवळजवळ बिनखर्चाचे होते. पण ते पसरले, ते केवळ सोपे होते म्हणून नव्हे. त्याच सुमारास सरकारी अंमलबजावणी ढिली झाली आणि आपल्या शेतातली झाडे आपली आहेत, असे शेतकरी मानू लागले. पुढच्या दोन-तीन दशकांत मराडी आणि झिंदेर या प्रदेशांत मिळून सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडोरा परतला. गाओ हे बाभळीच्या नात्यातले झाड तिथे विशेष प्रिय आहे, कारण ते पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे खालच्या बाजरीला ऊन मिळते, आणि कोरड्या हंगामात गुरांना पाला-शेंगा मिळतात. या सगळ्यात कायदा बराच मागाहून आला. २००४ च्या वनकायद्याने आधीच घडून गेलेल्या बदलाला थोडीफार मान्यता दिली.

इथपर्यंत सांगितलेली गोष्ट सरळ आहे: हक्क सुरक्षित असेल तर झाड लावले जाते, नसेल तर लावले जात नाही. पण खेड्यातले वास्तव याच्या पुढे जाते, आणि मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचे आहे. परंपरागत समाजांत झाड लावणे ही जमिनीवरचा दावा पक्का करण्याची एक रीत असते. हक्क असतो म्हणून झाड लावतात, तसेच झाड लावले म्हणून हक्क मिळतो. बोर्निओ बेटावरील पश्चिम कालिमंतानमधील दायाक लोकांच्या जुन्या वस्तीच्या जागी उभ्या असलेल्या दुरियानच्या राया पाहून कोणत्या पूर्वजाने ती जागा कसली, हे आजही सांगता येते. त्या फळांवर कोणाकोणाचा वाटा आहे, यावरून वंशावळही उलगडते. टिमथी बेस्ली या अर्थशास्त्रज्ञाने घानातल्या दोन प्रदेशांचा जो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हा पेच त्याने नेमका पकडला होता: जिथे झाडे जास्त तिथे हक्क बळकट, एवढे दिसले तरी कशामुळे काय झाले, हे सांगणे कठीण. पुढे बुर्किना फासोमधल्या संशोधनात तर असे दिसले की, हक्क बळकट असल्याने गुंतवणूक वाढते याचा पुरावा तिथे कच्चा आहे, उलट गुंतवणूक करून शेतकरी आपले हक्क बळकट करून घेतात.

हे एकदा लक्षात आले, की गावातली एक जुनी मनाई वेगळ्या प्रकाशात दिसू लागते. खंडाने किंवा बटाईने जमीन कसणाऱ्याला झाड लावू देत नाहीत. पश्चिम आफ्रिकेत बाहेरून आलेल्या कुटुंबाला गावाचे मूळ वंशज जमीन कसायला देतात, त्यावर पिढ्या उलटतात, पण झाड लावायचे नाही ही अट कायम राहते. जमीन देणारा दुष्ट असतो म्हणून हे घडत नाही. आज आंब्याची पाच झाडे लावू दिली, तर वीस वर्षांनी ही जमीन माझ्या बापाने राखली, असे म्हणणारा मुलगा त्या झाडांखाली उभा असेल, ही त्याची भीती रास्त असते, कारण त्याच्या समाजाचे नियम तसेच आहेत. जमीन द्यायची आणि परत मिळण्याची आशाही ठेवायची, तर झाडाला मनाई करण्याखेरीज त्याला दुसरा मार्ग नसतो.

अशा गावात रोपे वाटायला येणारी संस्था कोणाच्या दारात जाते? ज्याच्याकडे लावायला जागा आहे, म्हणजे ज्याला लावण्याचा हक्क आहे, त्याच्या. रोपांबरोबर ती त्याला जमिनीवरचा आणखी एक पुरावाही देऊन जाते. बटाईदार, स्थलांतरित, विधवा, धाकटा भाऊ यांना रोप तर मिळत नाहीच, शिवाय जी जमीन ते आजवर कसत होते, ती झाडांखाली गेल्याने त्यांच्या हातून सुटते. कार्यक्रमाच्या अहवालात हे कुठेच दिसत नाही, कारण झाडे तर उभी राहिलेली असतात.

गाम्बियाच्या उत्तर तीरावरच्या भागात १९८० च्या दशकात हे फार ठळकपणे घडले. दुष्काळाच्या वर्षांत तिथल्या बायकांनी सखल जमिनीवर विहिरी खोदून भाजीचे मळे उभे केले, आणि घरात येणारा पैसा त्या मळ्यांतून येऊ लागला. जमीन पुरुषांच्या कुळांची, कसणे बायकांचे. काही वर्षांनी जमीनधारकांनी त्याच वाफ्यांत आंब्याची आणि इतर फळझाडे लावायला सुरुवात केली. पर्यावरणासाठी झाडे लावा, असे सांगणाऱ्या विकाससंस्थांचे पाठबळही त्याला मिळाले. भाजीला घातलेले पाणी झाडांना आपोआप मिळत होते, म्हणजे रोपे जगवण्याचे श्रम बायकांचेच. झाडांची सावली दाट झाली की भाजी येईनाशी होते, आणि मळा फळबाग होऊन जमीनधारकाकडे परत जातो. बायकांना हे कळत नव्हते, असे नाही; त्यांनी फांद्या छाटल्या, झाडे तोडली, भांडल्या. कृषिवानिकीच्या पुस्तकी व्याख्येनुसार त्या मळ्यांत पीक आणि झाड यांचा सुंदर मेळ होता. प्रत्यक्षात ते झाड बायकांच्या हातून जमीन काढून घेण्याचे साधन होते.

पश्चिम केनियात याच गाठीची दुसरी बाजू दिसली. काकामेगा भागात बाईने झाड लावले तर ती वांझ होईल किंवा तिचा नवरा मरेल, अशी समजूत १९८० च्या दशकातल्या अभ्यासकांना आढळली. तिला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारण्याआधी तिचा उपयोग कोणाला होतो, हे पाहावे. जिथे झाड म्हणजे जमिनीवरचा दावा, तिथे सासरच्या जमिनीवर सुनेने झाड लावणे म्हणजे दावा सांगणे. सरपण आणायचे काम मात्र तिचेच. तिथल्या जळाऊ लाकडाच्या कार्यक्रमाने समजुतीशी थेट झगडा न करता वाट काढली: कॅलिअँड्रासारख्या झुडपी जाती पुढे आणल्या. त्या लवकर वाढतात, जळणाला उत्तम असतात आणि लोकांच्या लेखी झाडांत मोडत नाहीत, त्यामुळे त्या लावायला बायकांना आडकाठी नव्हती. मला ही युक्ती आवडते, पण तिची मर्यादाही दिसते. बाईच्या हाती जळण आले. जमीन होती तिथेच राहिली.

झाडामुळे बाईचा हक्क वाढल्याचे उदाहरणही आहे, आणि ते घानाच्या पश्चिम भागातले आहे. तिथल्या अकान समाजात वारसा आईच्या वंशाने चालतो. पुरुषाची जमीन त्याच्या मुलांकडे न जाता भाच्याकडे जाते. कोकोची लागवड वाढली तसे कष्टांचे मोल वाढले, आणि नवऱ्याच्या मळ्यात लागवडीपासून राबलेल्या बायकोला त्याच्या हयातीतच, साक्षीदारांसमोर, मळ्याचा भाग देऊन टाकण्याची पद्धत पसरली. १९८५ च्या वारसा कायद्याने त्याला आधार दिला. तिथे झाडाने बाईला जमीन मिळवून दिली, कारण लावण्याच्या श्रमातून हक्क मिळतो हे तत्त्व तिच्याही श्रमांना लागू झाले. गाम्बियात तेच तत्त्व तिच्या श्रमांना नाकारले गेले होते. त्यामुळे कोणत्या जातीचे झाड निवडायचे याइतकाच कोणाचे श्रम मोजायचे हा निर्णयही कार्यक्रमाचा भाग मानला पाहिजे.

राज्यसंस्थेनेही हा खेळ फार पूर्वीपासून जाणला आहे. ब्रह्मदेशात १८५० च्या दशकात डीट्रिख ब्रँडिस या इंग्रजांच्या सेवेतल्या जर्मन वनाधिकाऱ्याने तिथल्या करेन लोकांच्या फिरत्या शेतीचा उपयोग सागाची लागवड करण्यासाठी करून घेतला. लोकांनी जंगलाचा तुकडा साफ करून भात घ्यायचा, त्यातच सागाचे बी लावायचे, दोन-तीन वर्षे रोपे राखायची आणि मग पुढच्या तुकड्याकडे जायचे. टौंग्या नावाने ही पद्धत आशिया-आफ्रिकेत सर्वदूर गेली, आणि आजच्या कृषिवानिकीच्या पूर्वजांत तिची गणना होते. तिचा पाया मात्र असा होता की, लावणाऱ्याला झाडावर आणि जमिनीवर कोणताही हक्क मिळता कामा नये. झाडे सावली धरू लागली की त्याने उठायचे. मग रोपे मोठी होऊच नयेत, यातच त्याचे हित दडलेले असे, आणि रोपांकडे दुर्लक्ष करणे, कधी ती मुद्दाम मारणे, हे अनेक देशांत घडले. घानाने २००२ पासून ही रीत बदलली. नव्या टौंग्यात लाकडाच्या उत्पन्नातला ४० टक्के वाटा शेतकऱ्याला, तेवढाच वनखात्याला, १५ टक्के जमिनीच्या परंपरागत मालकांना आणि ५ टक्के गावाला ठरला. वाटा मिळणार म्हटल्यावर रोपांची निगा सुधारली. तरीही साग तोडणीला येईपर्यंत दोन दशके जातात, आणि तोवर आपल्या करारावर सही झाली आहे का आणि तो कागद कोणाच्या हाती आहे, ही चिंता त्या शेतकऱ्याला लागून राहते.

यावर सगळ्यांना जमिनीचे कागद करून द्या, हे उत्तर लगेच सुचते. मी त्याच्या विरोधात नाही, पण त्याबाबत सावध आहे. केनियात ब्रिटिश राजवटीतल्या १९५४ च्या स्विनर्टन योजनेपासून वैयक्तिक मालकीची नोंदणी सुरू झाली, आणि नोंद बहुतांशी घरातल्या पुरुषाच्या नावावर झाली. बायकोचा कसण्याचा हक्क, शेजाऱ्याचा वाटेचा हक्क, गुराख्याचा हंगामी चराईचा हक्क, फळ आणि सरपण वेचण्याचा हक्क, या सगळ्यांना रकाना नव्हता, म्हणून ते हक्क कागदावरून नाहीसे झाले. धागे अनेक आणि रकाना एक, अशी ती अडचण आहे. जिथे नोंदणी स्वस्त आणि गावातल्या गावात झाली, तिथे परिणाम चांगले दिसतात. इथिओपियाच्या टिग्राय प्रांतात १९९८ पासून अशी साधी प्रमाणपत्रे दिली गेली. जमीन कायद्याने सरकारचीच राहिली, तरी कसण्याच्या हक्काची खात्री वाढल्याने झाडे लावणे आणि माती राखण्याची कामे वाढली, असे तिथल्या अभ्यासांत आढळले. बेनिनमधला प्रयोग तर आणखी बोलका आहे. तिथे गावकऱ्यांसमक्ष हद्दी मोजून दगड रोवले गेले, आणि प्रमाणपत्रे हाती पडण्याआधीच लोक बारमाही पिकांकडे आणि झाडांकडे वळू लागले. शेजाऱ्यांनी हद्द मान्य केली, ही गोष्ट त्यांना पुरेशी होती.

उलट, राज्याच्या शब्दावरचा विश्वास एकदा उडाला की कागद फार काम करत नाही. चीनमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेतली सामूहिक वनजमीन कुटुंबांना वाटून देण्यात आली, तेव्हा धोरण पुन्हा फिरेल या धास्तीने अनेक ठिकाणी लोकांनी मिळालेली झाडे तातडीने तोडून विकली. सरकारने वाटप थांबवले, आणि लोकांची धास्ती खरी ठरली. २००८ मध्ये पुन्हा व्यापक सुधारणा झाली, तेव्हा वनजमिनीचे करार सत्तर वर्षांचे करण्यात आले. हैतीमध्ये मात्र स्पष्ट मालकीपत्र नसलेल्या शेतकऱ्यांनीही १९८१ पासून सुरू झालेल्या कार्यक्रमात कोट्यवधी झाडे लावली. जेराल्ड मरे या मानववंशशास्त्रज्ञाने तो कार्यक्रम आखताना एकच गोष्ट ठामपणे सांगितली होती: झाड तुमचे, ते केव्हा तोडायचे हे तुम्ही ठरवा, कोणाला विचारायचे नाही. तोडण्याचा हक्क दिला म्हणून लोकांनी लावले. वृक्षप्रेमी मनाला हे सहजासहजी पचत नाही, पण बहुतेक देशांत तोडणीचे परवाने आणि वाहतुकीचे पास यांनी झाडांचे रक्षण करण्याऐवजी त्यांची लागवडच रोखली आहे. भारताने २०१४ साली राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारले, तेव्हा त्यातही या निर्बंधांचा जाच मान्य केला गेला.

आणखी एका हक्काकडे फारसे कोणी पाहत नाही: गुरे आत येऊ न देण्याचा हक्क. अनेक समाजांत पीक निघाल्यावर सगळी शेते गावाच्या जनावरांना खुली होतात. ही चांगली, न्याय्य प्रथा आहे. भूमिहीनाची शेळीसुद्धा तिच्यावर जगते. पण कोरड्या हंगामात हिरवे असलेले एकमेव रोप मग टिकत नाही. पूर्व झांबियात पडीक शेतांत शेवरीच्या जातीची नत्र देणारी झुडपे लावण्याचे तंत्र जमिनीला फार मानवले, पण मोकळी चराई आणि वणवे यांनी ते अडवले. तिथल्या परंपरागत मुखियांनी आपापल्या भागात चराईवर आणि आगीवर निर्बंध घातले, तेव्हा काही ठिकाणी ते टिकले. जमिनीचा कागद कितीही पक्का असला, तरी हे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. ते गावाने ठरवायचे असते. आणि ठरवताना शेळीवाल्याला बोलावले नाही, तर झाडासाठी पुन्हा सर्वांत दुबळ्याचाच हक्क जातो.

बुर्किना फासोचे शेतकरी याकुबा सावाडोगो यांच्याबद्दल वाचताना मला दर वेळी वाईट वाटते. उवाहिगुया शहराजवळच्या कडक, मेलेल्या जमिनीत खड्डे खणून, त्यात खत भरून, पावसाचे पाणी धरण्याच्या जुन्या पद्धतीत त्यांनी सुधारणा केली, ज्वारी-बाजरीबरोबर झाडे वाढू दिली आणि काही दशकांत तिथे दाट जंगल उभे केले. २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. त्याच वर्षी तो रिनॉडो यांनाही मिळाला. पण शहर वाढले तसा त्यांच्या जंगलाचा काही भाग सरकारी विस्तार योजनेत आला आणि त्याचे भूखंड पाडण्यात आले. ज्या जमिनीला मोल नव्हते तिला त्यांनी मोल आणले, आणि मोल आल्यावर ती त्यांची आहे का, हा प्रश्न उभा राहिला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते वारले. जगभर सन्मान झालेल्या माणसाची जमीन सुरक्षित नव्हती, तर ज्याचे नाव कोणी ऐकले नाही त्या शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर खड्डा खणावा?

आता कर्बबाजार या सगळ्यावर नवा भार टाकतो आहे. शेतातल्या झाडांत साठलेल्या कर्बाचे पैसे देणारे करार वीस-तीस वर्षांचे असतात, आणि करार करणाऱ्याला समोर एक नाव हवे असते. ते नाव बहुधा जमीन ज्याच्या नावावर किंवा ज्याच्या कुळाची त्याचेच असते. झाडाला पाणी घालणारी बाई, फुटवे राखणारा बटाईदार, कोरड्या हंगामात पाला नेणारा पशुपालक यांची नावे त्यात नसतात. शिवाय पैसा येऊ लागल्यावर जमीनधारक त्यांना हटवण्याची शक्यता वाढते. म्हणून असा करार होण्यापूर्वी त्या जमिनीवरचे सगळे धागे गावासमोर बोलून लिहून काढावेत, असे मला वाटते. झाड कोणी लावायचे, कोणी राखायचे, फळ, पाला आणि लाकूड कोणाचे, झाड मेले किंवा करार संपला तर जमीन कोणाकडे, हे साध्या भाषेत आणि साक्षीदारांसह. आणि जमीन देणाऱ्याची भीती घालवण्यासाठी हेही स्पष्ट लिहावे की बटाईदाराने झाड लावल्याने जमिनीची मालकी बदलत नाही, झाडातला त्याचा वाटा मात्र त्याचा आणि त्याच्या वारसांचा राहतो. जमिनीवरचा दावा आणि झाडावरचा वाटा असे वेगळे केले, तर मनाई करण्याचे कारणच बरेचसे उरत नाही.

घानाच्या कोको-पट्ट्यात याची निकड आजच जाणवते. तिथे अर्ध्या वाट्याच्या बोलीवर बाहेरून आलेला माणूस जंगल साफ करून मळा उभा करतो, आणि झाडे फळायला लागली की मळा दोघांत वाटला जातो. बोली तोंडी असते, आणि ती ठरताना कोणालाही न सुचलेला प्रश्न असा की, कोकोची झाडे म्हातारी होऊन मेली तर काय. झाडे गेली की जमीन आपली, असे जमीनमालक म्हणतात. अर्धा मळा कायमचा आपला, असे कसणारे म्हणतात. परिणामी फळ कमी झालेली, रोगट झाडेसुद्धा कसणारे तोडत नाहीत, कारण नवी रोपे लावण्यासाठी जुनी काढणे म्हणजे आपल्या हक्काचा एकमेव पुरावा स्वतःच्या हाताने काढणे. तिथे नवी रोपे, सावलीची झाडे आणि खते पोचवण्याआधी त्या दोन माणसांना एकत्र बसवून पुनर्लागवडीची अट लिहून घेणे, एवढे एक काम जरी झाले, तरी रोपांची मागणी ते शेतकरी स्वतः करतील.